एकटेच आलात?

"या न्यायालयाला हा दावा चालवण्याचा अधिकार नाही. मी इथं राहत नाही आणि करारही इथं झालेला नाही," भाची फोनवर म्हणाली. "आता तू म्हण, मामा."

"या न्यायालयाला..." कवळीवाले अडखळले. "अगं, आधी नमस्कार तरी करू की नको?"

"नमस्कारसुद्धा नंतर."

"असं कसं? कुणाच्या दारात जाऊन एकदम म्हणायचं, तुम्हाला अधिकार नाही?"

"ते दार नाही, कोर्ट आहे. परत म्हण."

"या न्यायालयाला हा दावा चालवण्याचा... हक्क नाही."

"मामाआजोबा नापास!" मागून भाचीची पाच वर्षांची लेक ओरडली. तिला हे वाक्य केव्हाच पाठ झालं होतं. मग पाळण्यातलं बाळ रडायला लागलं आणि भाची म्हणाली, "उद्या परत घेते तुझी परीक्षा. ठेवू?"

"ठेव, ठेव," कवळीवाले म्हणाले. फोन बंद झाल्यावर खोलीत पॉलिशच्या मोटारीचा आवाज तेवढा उरला. ती चालूच राहिली होती.

त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. नाव मागे पडून कवळीवाले हेच नाव झालं, त्यालाही आता खूप वर्षं झाली. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप एका डबीत घालून पाठवत. कवळीवाले त्या मापात प्लास्टर ओतत, हिरड्यांचा पांढरा साचा काढत, मेणात एकेक दात बसवत, खालचा जबडा वरच्याशी नीट मिटतो का ते पाहत, आणि शेवटी कवळी घासून आरशासारखी लखलखीत करत. शेल्फवर जुन्या साच्यांची रांग होती. कुणाचे दात किडलेले, कुणाचे पडलेले, कुणाचा एकच समोरचा उरलेला. इतक्या तोंडांशी ओळख होती, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. बायको असताना ती म्हणायची, "घरभर तोंडं आहेत, पण बोलते मी एकटीच." आता तीही नव्हती.

कर्ज तिच्याच आजारपणात घेतलेलं. कर्ज देणारी कंपनी लांबच्या शहरातली, रात्रभर बसने जावं लागेल अशा अंतरावरची. तिचा माणूस मात्र घरी आला होता. याच टेबलावर, प्लास्टरची धूळ रुमालानं झटकून, त्यानं कागद पसरले. शेकडा तीन व्याज ऐकून कवळीवाल्यांना हायसं वाटलं. ते वर्षाचं नाही, महिन्याचं आहे, हे पुढे कळलं. तारण म्हणून राहती खोली लिहून दिली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं, की भांडण झालं तर ते कंपनीच्या शहरातल्या कोर्टातच चालेल. त्या दिवशी त्यांना कुणाशी भांडायचंच नव्हतं. त्यांनी सही केली.

पुढे वर्षानुवर्षं हप्ते भरले. बायकोच्या शेवटच्या महिन्यांत काम झालं नाही, हप्ते चुकले. चुकल्याबद्दल दंड लागला, दंडावर व्याज, त्या व्याजावर पुन्हा व्याज. भाची हे त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगायची. "मुद्दल म्हणजे बाप, व्याज म्हणजे पोर. पोरानं बापाच्या खांद्याला लागावं, इथवर ठीक. इथं पोर बापाच्या डोक्यावर उभं आहे, आणि त्याच्या डोक्यावर त्याचं पोर."

"मुद्दलापेक्षा व्याज गोड म्हणतात गं. तुझ्या लेकीकडे बघून मला पटतं ते."

"हा विनोद कोर्टात करू नकोस, मामा."

वाक्याचं महत्त्वही तिनं असंच समजावलं होतं. लहान कर्जदारावरचा दावा तो राहतो तिथल्याच कोर्टात लावायचा, असा कायदा होता. कंपनीनं काहीही छापलं असलं तरी ते टिकणार नव्हतं. दावा इथं आला की भाची स्वतः लढणार होती. ती वकील होती, इथल्याच कोर्टात काम करायची. पण हद्दीचा हा मुद्दा पहिल्या तारखेला आणि सगळ्यांत आधी मांडावा लागतो. "तू तिथं उभं राहून कर्जाबद्दल एक शब्द बोललास, की ते कोर्ट तू आपणहून मानलंस असं धरतात. मग दरवेळी रात्रभर बस. एक तारीख चुकली तरी निकाल एकतर्फी, आणि तुझी खोली लिलावात." तिनं अर्ज लिहून दिला होता. पुकारा झाला की तो कागद पुढे करायचा आणि वाक्य म्हणायचं. एवढंच.

कवळीवाल्यांना बोलायचं नाही ही गोष्ट अवघड होती. त्यांच्याशी दिवसचे दिवस कुणी बोलत नसे, म्हणूनच अवघड होती. दावा लागण्याआधी कंपनीचा वसुलीवाला रोज फोन करायचा. सुरुवातीला तो दरडावायचा. "पैसे कधी भरताय? शरम आहे का?" कवळीवाले म्हणायचे, "आहे हो. तुमचा आवाज आज बसलाय. घसा धरलाय का?" आठवड्याभरात तो दरडावायचा विसरला. त्याचा गुडघा दुखायचा. त्याची बायको माहेरी गेली होती. कवळीवाले त्याला गुडघ्याला शेक कसा द्यायचा ते सांगत. रोज त्या वेळेला ते मोटार बंद करून फोनजवळ बसत. मग दावा लागला, आणि फोन थांबले.

पहिल्या तारखेला ते पहाटे त्या शहरात उतरले. कोर्टाच्या आवारात नळावर तोंड धुतलं, कोट झटकला, अर्ज वरच्या खिशात आहे ना ते चाचपलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर वाक्य पुटपुटत बसले.

कंपनीचा वकील त्यांना शोधतच आला. तरुण, गोड बोलणारा. "काका, एवढा प्रवास करून आलात. चहा घेऊ या?"

"नको."

"अहो, चहाला काय होतंय? तुमचं म्हणणं तरी कळू दे. बाहेरच मिटवू."

कवळीवाल्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. तो गेल्यावर त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. भाचीला सांगायला हवं, असं ठरवून ते मनाशी हसलेसुद्धा.

पुकारा झाला. ते आत गेले, कठड्यापाशी उभे राहिले. न्यायाधीश एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. समोर फायलींचा ढीग होता. मान खाली घालूनच त्यांनी पान उलटलं आणि विचारलं,

"एकटेच आलात?"

वाक्य तोंडात तयार होतं. पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बसमध्ये नाही, बाकावर नाही, बायको गेल्यापासून कुठंच नाही.

"हो," ते म्हणाले. "एकटाच. पूर्वी कुठं जायचं तर ही असायची बरोबर. खिडकीची जागा तिची, तिला बस लागायची ना. मी आपला कडेला. काल खिडकीची जागा मिळाली, पण मी कडेलाच बसलो. सवय हो." कुणीतरी खाकरलं. त्यांना ते ऐकू आलं नाही. "तिच्या आजारपणातच हे कर्ज घेतलं. सही माझीच आहे, नाही म्हणत नाही. बरीच वर्षं भरलं. मग ती अंथरुणाला खिळली, माझा कामात हात चालेना, तेव्हा हप्ते चुकले. त्याला नाही कसं म्हणू? पण मी घेतलं त्याहून जास्त तर मी देऊन बसलोय, आणि ते म्हणतात त्याच्या दुप्पट अजून उरलंय. ही असती तर तिनं हिशेब विचारला असता. मला नाही विचारता येत."

बाईंनी मान वर केली होती. त्यांनी थांबवलं नाही. टंकलेखक भराभर लिहून घेत होता. तो थांबला तेव्हा कंपनीचा वकील हलकेच उभा राहिला.

"प्रतिवादींनी सही मान्य केली, कर्ज मान्य केलं, हप्ते चुकल्याचंही मान्य केलं. त्यांनी आपली बाजू याच कोर्टापुढे मांडली आहे. हद्दीबद्दल त्यांची हरकत नाही, याची नोंद व्हावी."

हद्द हा शब्द ऐकला आणि कवळीवाल्यांचा हात खिशाकडे गेला. "या न्यायालयाला..." त्यांनी सुरुवात केली. पुढचं सगळं वाक्य बिनचूक आलं, कुठंही न अडखळता.

बाईंनी ते ऐकून घेतलं. "हे आधी म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता उशीर झाला. दावा इथंच चालेल. लेखी म्हणणं पुढच्या तारखेला द्या."

भाचीला फोन लावायला त्यांनी बराच वेळ घेतला. "कागद दिलास?" तिनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"खिशात आहे."

"आणि वाक्य?"

"म्हटलं. पण नंतर."

"मामा, एक वाक्य! एकच! पाच वर्षांच्या पोरीला येतं ते. नुसतं तोंड मिटून कागद पुढे केला असतास तरी चाललं असतं. काय झालं काय एवढं?"

"बाईंनी विचारलं," ते म्हणाले, "एकटेच आलात? असं विचारल्यावर काय करणार? त्यांनी विचारलं ना गं."

फोन तुटला असं समजून ते हॅलो हॅलो करू लागले.

"आहे मी," भाची म्हणाली. आवाज बदलला होता. "मी यायला हवं होतं तुझ्याबरोबर."

"वेडी आहेस का? ओली बाळंतीण तू."

"तरी कुणीतरी यायला हवं होतं."

शेवटी भाचीच सावरली. जे झालं ते झालं, म्हणाली. कोर्ट परकं, पण व्याजाचा प्रश्न तोच. तिथंच भांडू. तिनं रात्री बाळ झोपलं की लिहून लेखी म्हणणं तयार केलं आणि पाठवलं. "या वेळी नुसतं हे द्यायचं. विचारलं तेवढ्यालाच उत्तर."

दुसऱ्या तारखेला बस लवकर पोहोचली. व्हरांड्यात गार वारा होता, म्हणून कवळीवाले कोर्टाच्या खोलीतच मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना त्या बाईंचा आवाज पुन्हा ऐकायचा होता, हेही खरं. महिनाभर पॉलिश करता करता त्यांनी तो प्रश्न कितीदा तरी मनात ऐकला होता. इतक्या कामाच्या गर्दीत त्या बाईंना विचारावंसं वाटलं, याचं त्यांना अप्रूप होतं.

पहिला पुकारा झाला. एक तरुण पुढे गेला.

"एकटेच आलात?" न्यायाधीशबाईंनी फाईल उघडत विचारलं.

"नाही, वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत. येतातच."

"मग थांबा. पुढचं."

पुढचा एक जाडजूड दुकानदार होता. त्याच्यामागे त्याची बायको, दोन भाऊ आणि एक मेहुणा अशी सगळी वरात कठड्याला टेकून उभी होती.

"एकटेच आलात?"

"हो बाई, एकटाच," दुकानदार म्हणाला. "वकील परवडत नाही."

मागची चौघंही गंभीरपणे माना हलवत होती.

कवळीवाल्यांना आधी हसू फुटलं. त्यांनी ते रुमालात दाबलं. मग तिसऱ्याला तोच प्रश्न, त्याच सुरात, पान उलटता उलटता. चौथ्याला तोच. त्यांनी रुमाल खाली घेतला, त्याची चौकोनी घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. वकील आहे का, एवढंच विचारायची ही इथली रीत होती. त्या एवढ्याशा प्रश्नासाठी त्यांनी आपली हद्द घालवली होती.

त्यांचा पुकारा झाला.

"एकटेच आलात?"

"वकील आहे," कवळीवाले म्हणाले. "पण ती ओली बाळंतीण आहे."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. टंकलेखकाला म्हणाल्या, "लिहा. वकील गैरहजर." मग त्यांनी भाचीचं लेखी म्हणणं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि कंपनीच्या वकिलाकडे वळल्या. "ही बाकी कशी निघाली? मोठ्यानं वाचा. मुद्दल सोडून बाकीचं."

वकील वाचू लागला. व्याज. चुकलेल्या हप्त्यांचा दंड. दंडावरचं व्याज. नोटिशीचा खर्च. फोनचा खर्च.

"फोन कसले?"

"वसुलीचे, बाई. दर फोनमागे ठरावीक आकार आहे. करारात कलम आहे."

"हे फोन तुम्हाला आले होते?" बाईंनी कवळीवाल्यांना विचारलं.

कवळीवाल्यांनी वकिलाच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. गुडघ्याचा शेक, माहेरी गेलेली बायको, बसलेला घसा, सगळ्याला आकार लागला होता. त्यावरही महिन्याला शेकडा तीन चढत होते.

"आले," ते म्हणाले. "रोज यायचे. चांगला माणूस होता."

या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी लाल पेन उचललं. फोनचा खर्च गेला. दंडावरचं व्याज गेलं, दंड गेला. "दामदुपटीच्या पुढे हे कोर्ट जात नाही," त्या वकिलाला म्हणाल्या. "व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबतं. यांनी भरलेलं सगळं त्यातून वजा करा आणि काय उरतं ते आत्ता, इथं, मला सांगा."

वकिलानं आकडेमोड केली. उरलं ते थोडकंच निघालं, वर्षभरात हप्त्यांनी फिटेल इतकं. खोलीच्या लिलावाची मागणी बाईंनी फेटाळली. सही केली, फाईल मिटली आणि पुढची ओढली.

खोली वाचली होती. कवळीवाले खालच्या मजल्यावर हुकमाची नक्कल घ्यायला गेले. खिडकीतल्या कारकुनानं शिक्का मारून कागद बाहेर सरकवला.

"हप्ते बँकेतूनच भरा, काका. आता तुम्हाला यायची गरज नाही."

"कधीच?"

"कधीच! सुटलात तुम्ही," कारकून खुशीत म्हणाला.

"हो. आभारी आहे," कवळीवाले म्हणाले, आणि मागचा माणूस ढकलू लागेपर्यंत खिडकीपाशीच उभे राहिले.

बसस्थानकावरून त्यांनी भाचीला फोन केला. ती आनंदानं ओरडलीच. मग तिनं सगळं दोनदा सांगायला लावलं. फोनच्या आकाराचं ऐकून तिनं कंपनीला अशी काही विशेषणं लावली, की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"आणि त्या बाई?" तिनं विचारलं. "या वेळी काही विचारलं त्यांनी?"

हे सांगावं की नाही, याचा त्यांनी प्रवासभर विचार करायचं ठरवलं होतं. पण महिनाभर ती जे मनाला लावून घेऊन बसली होती, ते त्यांना ठाऊक होतं.

"तेच विचारलं. अगं, त्या सगळ्यांनाच विचारतात. एकटेच आलात, म्हणजे वकील नाही का. एवढंच असतं ते. मीच मेला उगाच पुराण लावलं."

भाची हसायला लागली. हसता हसता थांबली. "म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी काही नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मामा, तू आमच्याकडे येऊन राहा ना थोडे दिवस."

"कवळ्या कोण घासेल? कामं पडलीयेत."

बाळ रडू लागलं. "ठेवते हं," ती म्हणाली. "ठेव, ठेव," ते म्हणाले.

बाकावर शेजारची जागा रिकामी होती. एका घाईतल्या माणसानं तिथं आपली भली मोठी पिशवी ठेवली. "काका, जरा लक्ष ठेवा हं. तिकीट काढून आलोच."

"जा, जा. मी आहे," कवळीवाले म्हणाले आणि पिशवी कलंडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला. पिशवीत काहीतरी ऊबदार होतं, बहुधा कपडे. तिकिटाची रांग लांबलचक होती. तो माणूस तिच्यात दिसेनासा झाला.

त्यांच्या गावची गाडी लागली. माणसं चढली. कंडक्टरनं दोन वेळा गावाचं नाव पुकारलं, मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्हाला याच गाडीनं जायचंय ना? चला, खिडकीची जागा आहे."

कवळीवाल्यांनी रांगेकडे पाहिलं.

"पुढच्या गाडीनं येतो," ते म्हणाले. "कुणीतरी यायचंय अजून."